भंडारदरा: कुठला धबधबा कधी वाहतो आणि कुठली वाट केव्हा सोडून द्यायची

भंडारदऱ्याला जाऊन आलेल्या दोघांना रंधा धबधब्याबद्दल विचारा. एक म्हणेल, आवाजाने शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. दुसरा म्हणेल, नुसता काळा कातळ आणि खाली डोह होता. दोघंही खरं सांगत असतात, आणि दोघंही जुलैमध्येच गेलेले असू शकतात. इथला प्रत्येक धबधबा वेगळ्या पाण्यावर चालतो. कुठला नुसत्या पावसावर, कुठला धरणाच्या मोरीवर (म्हणजे पाणी सोडायच्या दारावर), कुठला शेजारचं एखादं लहान तळं भरण्यावर. हे हिशेब माहीत नसतील तर दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी हाणून कोरडा कातळ बघायची वेळ येते. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट: ओढ्याला लोंढा आलेला असताना माणूस रतनगडाच्या वाटेवर पलीकडच्या काठावर अडकतो.

आधी जागा समजून घेऊ. भंडारदरा म्हणजे व्यवहारात शेंडी गाव, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. लॉज, खानावळी, जीपवाले सगळे शेंडीतच. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांनी घोटीला वळायचं, बारीवरून वारंघुशी फाटा आणि मग शेंडी. पुण्याकडून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, रंधा या क्रमाने. गाडीची टाकी घोटीला किंवा राजूरला भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. घाटघर-साम्रदच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते, आणि रेंज गेली की ऑनलाइन पैसेही जातात.

शेंडीच्या पश्चिमेला धरणाचा जलाशय आणि त्याभोवती डोंगरांचं कडं. उत्तरेला कळसूबाईची रांग, पश्चिमेला घाटघरचा कोकणकडा, दक्षिण-पश्चिमेला रतनगड आणि कात्राबाई. कोकणातून चढून आलेला ढग आधी घाटघर-रतनवाडीवर आदळतो आणि तिथेच बहुतेक रिकामा होतो. शेंडीपर्यंत पाऊस उतरतो, रंध्यापर्यंत आणखी उतरतो, राजूर ओलांडून अकोल्याला पोचाल तर रस्ता कोरडासुद्धा मिळेल. म्हणून आपल्या डोक्यावर किती पडतोय यावरून इथे काहीच ठरवता येत नाही. शेंडीत रिमझिम असताना रतनवाडीचे ओढे फुगलेले असतात.

पावसाळ्यात घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा आणि वाकी या ठिकाणचा रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणाचा साठा दशलक्ष घनफुटांत आणि विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) नगर-नाशिकच्या बातम्यांत येतो. निघण्याआधी सलग तीन दिवसांचे हे आकडे बघावेत. हवामानाच्या ॲपपेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवतो, कारण ॲप तालुक्याचा अंदाज देतं आणि या तालुक्यात पन्नास किलोमीटरच्या आत अतिवृष्टी आणि कोरडा दिवस एकाच वेळी असतात.

धरणाच्या पाण्यावरचे

भंडारदऱ्याचं धरण म्हणजे विल्सन डॅम. १९१० ते १९२६ या काळात दगडात बांधलेलं, उंची २७० फूट, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. धरण जुलैभर भरत असतं, आणि बऱ्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भरतं. लोक स्वातंत्र्यदिनाला जोडून येतात त्याचं हे एक कारण. पण तोवर येणारं पाणी अडवून ठेवणं हेच धरणाचं काम असल्यामुळे पावसाचा जोर आणि धरणाखालच्या धबधब्यांचा जोर यांचा थेट संबंध नाही.

अंब्रेला फॉल हा यातला सगळ्यात पराधीन. धरणाच्या मोरीतून सुटलेलं पाणी खालच्या गोलसर कातळावरून चहूबाजूंनी पसरत पडतं, म्हणून छत्रीचा आकार. मोरी बंद असेल तर छत्री नाही, मग पाऊस कितीही पडो. शेंडीतून धरणाखाली जाणाऱ्या रस्त्यावर प्रवरेचा पूल आहे, तिथून तो समोर दिसतो. धरणाच्या भिंतीकडे किंवा पात्रात उतरण्याचा मोह टाळा. पाणी वाढवायचं ठरलं की थोड्या वेळात पात्र बदलतं, आणि शेंडीच्या आकाशाकडे बघून ते कळण्याचा मार्ग नाही.

रंधा शेंडीपासून दहा किलोमीटरच्या आसपास, राजूरच्या रस्त्याला लागून. प्रवरा इथे सुमारे १७० फूट खाली अरुंद घळीत कोसळते. शेजारीच घोरपडादेवीचं देऊळ आहे. रंध्याला पाणी दोन ठिकाणांहून येतं आणि हेच बहुतेकांना माहीत नसतं. एक, भंडारदऱ्यातून सोडलेलं. दोन, कृष्णावंती नदीचं. कृष्णावंती कळसूबाईच्या बाजूने येते. तिच्यावर वाकीचा लघुपाटबंधारे तलाव आहे, साठवण जेमतेम ११२ दशलक्ष घनफूट. म्हणजे भंडारदऱ्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा. तो लवकर भरतो, आणि भरला की सांडव्यावरून वाहणारी कृष्णावंती रंध्याला येऊन पडायला लागते. त्यामुळे भंडारदरा अर्धा रिकामा असतानाही रंधा जोरात असू शकतो. बातमीत ‘वाकी भरला’ असं वाचलंत की रंध्याचा हंगाम सुरू झाला असं समजा.

तिसरा हिशेब विजेचा. धबधब्याच्या वरच्या अंगाला पाणी वळवून ते कोदणीच्या वीज केंद्राकडे नेलं जातं. विसर्ग मोजकाच असेल तर त्यातलं बरंच पाणी त्या वाटेने जातं आणि कड्यावर धार तेवढी उरते. धरणातून पाणी सुटलंय अशी बातमी वाचून आलेले लोक रंध्यावर निराश का होतात, त्याचं उत्तर इथे आहे.

बघण्यासाठी रेलिंग आणि मनोरे आहेत, तेवढ्यावर समाधान मानावं. रेलिंगपलीकडचा कातळ तुषारांनी कायम ओला असतो आणि त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो. तो वरून काळाच दिसतो, हिरवा नाही, म्हणून फसवतो. वरच्या पात्रात, धबधब्याच्या ओठाजवळ, गुडघाभर पाण्यातही उतरू नये. ओठाजवळ पाणी उथळ होतं पण वेग वाढतो, आणि पाय निसटला तर पकडायला काही नसतं.

पावसाच्या पाण्यावरचे

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता साधारण ४५ ते ५० किलोमीटरचा. उत्तरेकडून गेलं तर शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, मग रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत धरण. ह्या रस्त्यावरचे धबधबे कुणाच्या परवानगीवर चालत नाहीत. वरच्या डोंगरावर पाऊस पडला की तासाभरात वाहतात, उघडीप मिळाली की दोन-तीन दिवसांत बारीक होतात. पांजऱ्याचा, कोलटेंभ्याचा, रतनवाडीजवळचा नेकलेस, आणि नाव नसलेले शेकडो. खरं सांगायचं तर बिननावाचेच जास्त चांगले. पाट्या लावलेल्या ठिकाणी गाड्यांची रांग असते, आणि अर्ध्या किलोमीटरवर तसाच धबधबा भातखाचरांच्या मागे एकटा पडत असतो. खाचरात मात्र शिरू नका. जुलैत आवणी, म्हणजे भातलावणी, चालू असते, बांधावरून चाललात तर बांध फुटतो आणि एका घराचं पाणी वाहून जातं. विचारलंत तर लोक स्वतः वाट दाखवतात.

या रस्त्यावर मी रतनवाडीकडून सुरुवात करायला सांगेन, आणि सकाळी सातच्या आत. रतनवाडीला अमृतेश्वराचं कोरीव मंदिर आहे, पुष्करणी आहे, आणि नऊनंतर तिथे गाडी लावायला जागा नसते. घाटघर दुपारवर ठेवलं तरी चालतं. तिथल्या कोकणकड्यावर धुकं असायचं तेव्हा असतंच, घड्याळाशी त्याचा संबंध नाही. कड्यावर उभं राहून पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नसेल तर वीस मिनिटं थांबा. वारा खालून वर वाहतो, धुकं फाटतं, आणि तेवढ्या फटीतून कोकण दिसतं. वारा जोराचा असेल तर कड्यावरून पडणारी बारीक धार खाली न जाता उलटी वर फेकली जाते. त्यासाठी धारेत पाणी कमी आणि वारा जास्त लागतो, म्हणून मुसळधार पावसात हा देखावा मिळत नाही. मध्यम पावसाच्या, भन्नाट वाऱ्याच्या दिवशी मिळतो. कडा कुठे संपतो हे धुक्यात दिसत नाही, म्हणून कठड्याच्या आतच राहायचं.

शनिवार-रविवारी, विशेषतः ऑगस्टमध्ये, हा रस्ता एकेरी करण्याची वेळ पोलिसांवर येते. तेव्हा ठरवलेला क्रम बाजूला ठेवून ते सांगतील त्या दिशेने जावं. रस्ता अरुंद आहे, कडेची माती पावसात भुसभुशीत झालेली असते आणि समोरच्या एसटीला वाट देताना डावीकडची चाकं रुततात. वाट द्यायची तर डांबरावरच थांबून, रुंद जागा आल्यावर.

धबधब्याखाली भिजण्याबद्दल एकच सांगतो. पाण्याबरोबर दगड येतात. मुठीएवढा दगड शंभर फुटांवरून आला तर तो दिसत नाही, ऐकूही येत नाही. पायथ्याशी ताज्या तुटलेल्या, कडा धारदार असलेल्या दगडांचा खच दिसला तर ती जागा भिजायची नव्हे. रस्त्याच्या कडेला कातळावरून उतरंडीने घसरत येणाऱ्या, पुरुषभर उंचीच्या ओहोळात भिजावं, तिथे मजा तेवढीच येते.

रतनगड, आणि ओढा ओलांडण्याचं गणित

रतनगड १२९७ मीटर. रतनवाडीतून चढायला अडीच ते तीन तास, उतरायला दोन. वाट आधी प्रवरेच्या कडेने जाते. ही नदी याच डोंगरात उगम पावते, आणि वाटेत ती दोन-तीनदा ओलांडावी लागते. उन्हाळ्यात दगडांवर पाय ठेवत कोरडं जाता येतं. पावसाळ्यात इथेच सगळं ठरतं.

माझा नियम असा: आदल्या चोवीस तासांत रतनवाडी किंवा घाटघरची नोंद १०० मिलिमीटरच्या वर असेल तर गड सोडून द्यायचा, आणि मंदिर बघून रस्त्याकडे वळायचं. नोंद त्याहून कमी असेल तरी पहिल्या ओलांडणीवर पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत. मांडीपर्यंतच्या वाहत्या पाण्यात धडधाकट माणसाचाही पाय उचलला की ठरत नाही. आणि लक्षात ठेवायचं ते हे की सकाळी गुडघ्याखाली असलेला ओढा दुपारी परतताना तेवढाच असेल याची खात्री नाही.

पाणी वाढायच्या आधी ओढा सांगतो. स्वच्छ पाणी अचानक चहाच्या रंगाचं होतं. काटक्या, पाला, फेस वाहून येतो. आवाज जड होतो, आणि तळातले दगड एकमेकांवर आपटल्याचा खडखडाट ऐकू येतो. यातलं एक जरी दिसलं तरी पात्रातून बाहेर, काठावर उंच जागी. त्याच वेळी चांगली बाजूही आहे: डोंगर उभा आणि पाणलोट लहान असल्याने हे ओढे चढतात तसे उतरतातही लवकर. पाऊस थांबला की तास-दोन तासांत पाणी पुन्हा ओलांडण्याजोगं होतं. अंधाराच्या भीतीने घाईत उतरलेल्या माणसांचेच अपघात होतात. म्हणून पाठपिशवीत प्रत्येकाची स्वतंत्र विजेरी हवी. ती असली की थांबण्याचा धीर राहतो.

ओलांडायचंच असेल तर पात्र रुंद असेल तिथे, कारण रुंद तिथे उथळ. खाली लगेच धबधबा किंवा घळ नको. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, पडलो तर पिशवी झटकता यावी म्हणून. बूट काढायचे नाहीत. तोंड वरच्या बाजूला, काठी पुढे रोवायची, एका वेळी एकच पाय हलवायचा. दोराचं एक टोक माणसाच्या कमरेला बांधून देऊ नका. माणूस पडला तर तो ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

ओढे संपले की जंगल लागतं आणि पुढे वाटेला फाटा फुटतो. सरळ जाणारी वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे, उजवीकडची रतनगडाला. धुक्यात सरळ निघून जाणारे बरेच. शिड्या आल्या म्हणजे वाट बरोबर. शिड्यांवर एका वेळी एकच माणूस, हात पायऱ्यांवर नाही तर बाजूच्या दांड्यांवर, आणि उतरताना तोंड कड्याकडे. वर गणेश दरवाजा, गुहा, पाण्याची टाकी, राणीचा हुडा नावाचा बुरूज आणि कड्याला आरपार पडलेलं भोक, म्हणजे नेढं. नेढ्यात वारा इतका कोंडतो की पावसाळ्यात तिथे उभं राहण्याचा हट्ट करू नये. त्र्यंबक दरवाज्याने उतरून खुटा नावाच्या सुळक्याच्या बाजूने साम्रदला जाणारी वाट सुरेख आहे, पण तिथल्या खोदीव पायऱ्या उभ्या आहेत आणि पावसात शेवाळतात. ती वाट नोव्हेंबरनंतर.

साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात पूर्ण बंद. दोन उभ्या भिंतींमधली ही साधारण दोन किलोमीटरची भेग म्हणजे आजूबाजूच्या पठाराचं गटार आहे, पाऊस आला की सगळं पाणी तिथूनच कोकणात उतरतं आणि माणसाला बाजूला व्हायला जागा नाही. अवकाळी पावसाचं चिन्ह असेल तर फेब्रुवारीतही आत शिरू नये.

कळसूबाई

१६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याचं बारी गाव शेंडीहून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. चढाई जवळपास ९०० मीटरची, तीन तास धरा, गर्दीत चार. सुरुवातीला गावातून ओढा ओलांडून खालच्या देवळापर्यंत, मग टप्प्याटप्प्याने चढ आणि लोखंडी शिड्या. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. माथ्यावर देवीचं छोटं देऊळ. या परिसरातल्या महादेव कोळी समाजाची ती कुलस्वामिनी, नवरात्रात नऊ दिवस रीघ असते. चपला देवळाबाहेर काढायच्या, आणि आत आडोशाला बसून डबे उघडायचे नाहीत.

वाट चुकण्यासारखी नाही. अडचण गर्दीची आहे. पावसाळी रविवारी शिड्यांवर वर जाणारे आणि खाली येणारे एकाच वेळी अडकतात, आणि घामाने भिजलेला माणूस वाऱ्यात अर्धा-पाऊण तास उभा राहतो. थंडी तिथे भरते. सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून येऊ नका, भिजलं की ते वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. पातळ सिंथेटिक कपडे, वर वारा अडवणारं जाकीट, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कोरडा शर्ट. छत्री निरुपयोगी. माणशी दोन लिटर पाणी. पावसातही तहान लागते, लागलेली कळत नाही एवढंच. शनिवारी जाणं भाग असेल तर पहाटे साडेपाचला चालायला लागा, नऊच्या आत शिड्या उतरून झाल्या पाहिजेत.

मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस या दोन वेळा कळसूबाईसाठी भर जुलैपेक्षा धोक्याच्या. जुलैत पाऊस संततधार असतो पण गडगडाट कमी. वळवात दुपारनंतर विजा पडतात, आणि लोखंडी शिड्या, रेलिंग आणि उघडा माथा यापेक्षा वाईट जागा नाही. त्या दिवसांत अकराच्या आत खाली यायचं.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ साली जाहीर झालेल्या. नाक्यावर प्रवेश शुल्क घेतात, पावती जपून ठेवा. मोठ्या आवाजातली गाणी, दारू आणि प्लॅस्टिक यावर बंदी आहे, आणि ती पाळली जावी असं मला मनापासून वाटतं. ज्या ओढ्यात वेफर्सची पाकिटं अडकतात त्याच ओढ्याचं पाणी खालची वाडी पिते. जेवण शेंडी, रतनवाडी, बारी, कुठेही घरगुती मिळतं: पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, इंद्रायणीचा भात. चढायला निघतानाच किती माणसांचं हवं ते सांगून जावं, परतल्यावर सांगितलं तर चूल पुन्हा पेटवण्यात तास जातो.

एकच सहल जमणार असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा निवडा, सोमवार ते गुरुवार. धरण भरलेलं, वाकी भरलेला, ओढे गुडघ्याखाली, रतनगडावर सोनकी आणि तेरडा फुललेला. आणि उन्हाळ्यात तिकडून जाणं झालंच तर शेतीसाठी आवर्तन सुटलं आहे का ते तेवढं विचारून घ्या. प्रवरेला पाणी सोडलेलं असेल तर आजूबाजूचे डोंगर पिवळे पडलेले असतानाही रंध्याच्या कड्यावर पाणी दिसू शकतं, आणि तेव्हा तिथे बघायला फारसं कुणी नसतं.